प्रश्न विचारण्याची सवय कुठे मोडते आणि ती टिकवावी कशी?

अन्वेषा

नमस्कार. आमच्या विभागात दरवर्षी काही नवी मंडळी रुजू होतात आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्या प्रश्नांची सरबत्ती चालू असते. हा अहवाल नेमके कोण वाचते, या कामाला दोन वेगवेगळ्या मंजुऱ्या कशासाठी लागतात, अर्जातला हा रकाना रिकामा ठेवला तर काय बिघडेल, असे ते प्रश्न असतात. त्यांतले काही अगदी प्राथमिक असतात, पण काहींपुढे जुन्या माणसांनाही थबकावे लागते. त्या रकान्याचा शोध घेतल्यावर असे कळले की ज्या विभागासाठी तो भरला जात होता, त्या विभागाने ती माहिती वापरणे केव्हाच सोडून दिले होते, आणि तरीही सर्व जण तो इमानेइतबारे भरत होते.

काही महिने लोटले की हीच मंडळी कामात तरबेज होतात, बैठकीत मान डोलावू लागतात आणि विचारणे थांबवतात. त्यांना गप्प बसा असे कोणी सांगितलेले नसते. ज्या माणसाला काम पुरेसे समजले आहे आणि म्हणून ज्याचे प्रश्न आता अधिक मोलाचे ठरले असते, तोच नेमका त्या वेळी बोलेनासा होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणून हा धागा काढला आहे. ही सवय कुठे मोडते, चांगला प्रश्न आपण कशाला म्हणावे, आणि कामात काय किंवा स्वतःच्या वाढीत काय, कुतूहल जागे ठेवण्यासाठी आपापल्या क्षेत्रात आपण काय करता, हे वाचायला आवडेल. सुविचार नकोत, अनुभव हवेत.

रानवारा

माझ्या मते प्रश्नाला काय उत्तर मिळते यावर ही सवय अवलंबून नसते. विचारणाऱ्याकडे इतर जण कसे पाहतात, हे सगळे बघत असतात. एकाला "एवढेही ठाऊक नाही?" असे ऐकावे लागले की त्या खोलीतल्या दहा जणांचे प्रश्न तिथल्या तिथे विरून जातात आणि ते कुठेही नोंदले जात नाहीत.

यंत्रमित्र

मी कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आमच्याकडे "पाच वेळा का विचारा" ही पद्धत सर्वांना तोंडपाठ असते. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचे शिल्पकार ताइइची ओनो यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिचे जे उदाहरण दिले आहे, ते आजही माझ्या कामाला लागू पडते. यंत्र बंद का पडले? भार जास्त आल्याने फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नव्हते. वंगण का मिळत नव्हते? वंगणाचा पंप ते नीट खेचत नव्हता. पंप का खेचत नव्हता? त्याचा दांडा झिजून खडखडत होता. दांडा का झिजला? पंपाला गाळणी बसवलेली नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत जात होता. पहिल्या उत्तरावर जो थांबेल तो फ्यूज बदलेल, आणि काही दिवसांनी तेच यंत्र पुन्हा बंद पडेल.

मात्र प्रत्यक्षात ही साखळी तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर एखाद्या माणसाच्या नावापाशी येते आणि तिथेच संपते. "ऑपरेटरचे लक्ष नव्हते" असे लिहून कागद पूर्ण केला जातो. खरे म्हणजे शोध तिथून सुरू व्हायला हवा. लक्ष नसतानाही अपघात होणार नाही अशी व्यवस्था का नव्हती, दर्शक त्याच्या नजरेच्या टप्प्यात होता का, त्याच वेळी त्याला दुसरे कोणते काम सांगितलेले होते? शिवाय प्रत्येक "का"ला एकच उत्तर असते असेही नाही. वंगण कमी पडण्याची दोन कारणे असू शकतात, आणि आपण ओळखीचे कारण उचलून पुढे निघतो. म्हणून मी आता "का"च्या जोडीला "आणखी कशामुळे" हेही विचारतो. त्याने कागद लांबतो, पण बिघाड खरोखर थांबतात.

शुश्रूषा

यंत्रमित्रांनी मांडलेला माणसाच्या नावापाशी थांबण्याचा मुद्दा आमच्या क्षेत्रात जिवावर बेततो. मी रुग्णालयात परिचारिका आहे. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना वॉर्डाची माहिती देतो. त्या वेळी "सगळे स्थिर आहेत ना?" असे विचारले तर थकलेली सहकारी "हो" म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते, कारण तक्त्यावरचे आकडे स्थिरच असतात. माझ्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी मला वेगळे विचारायला शिकवले: "आज कोणत्या रुग्णाची तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते, आणि कशामुळे?" हे विचारले की समोरची क्षणभर थांबते आणि मग म्हणते, "कोपऱ्यातल्या बेडवरच्या आजोबांचे बीपी, नाडी सगळे ठीक आहे, पण काल गप्पा मारत होते आणि आज सकाळपासून फक्त हुंकार देत आहेत." तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नाही. मी सर्वात आधी त्या आजोबांकडे जाते.

रानवाऱ्यांच्या मुद्द्याला दुजोरा देणारे एक संशोधनही आहे. एमी एडमंडसन या अभ्यासिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषध देण्यातील चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांमध्ये सहकार्य चांगले आहे तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. हाती आलेले आकडे उलटे होते, कारण चांगल्या गटांमध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसे अधिक चुकत होती असा याचा अर्थ नव्हता. झालेली चूक आणि मनातली शंका तिथे उघडपणे बोलता येत होती. याच धाग्यावरून पुढे १९९९ मध्ये त्यांनी कामाच्या गटातील मानसिक सुरक्षिततेवर आपला गाजलेला निबंध लिहिला. ज्या वॉर्डात कोणीच काही विचारत नाही, त्या वॉर्डाची मला भीती वाटते.

निर्विवाद

थोडा विरोधी सूर लावतो. प्रश्न विचारणे हा सरसकट सद्गुण आहे असे मी मानत नाही. मी संगणक प्रणाली लिहिण्याचे काम करतो. या कामात एकाग्रता मोडली की ती पुन्हा जुळायला बराच वेळ जातो, आणि "हे चालत नाही, काय करू?" असा निरोप जेव्हा येतो, तेव्हा विचारणाऱ्याने स्वतःचे काम माझ्या टेबलावर आणून ठेवलेले असते. त्यात कुतूहल मुळीच नसते.

माझ्या दृष्टीने चांगल्या प्रश्नात तीन गोष्टी असाव्यात. मी काय केले, त्यातून काय व्हावे अशी माझी अपेक्षा होती, आणि प्रत्यक्षात काय झाले. या तीन गोष्टी नीट लिहायला बसले की निम्म्या वेळा उत्तर लिहितानाच सापडते, कारण अपेक्षा शब्दांत उतरवताना ती कुठे डळमळीत आहे हे आपले आपल्यालाच दिसते. आणि उत्तर सापडले नाही तरी वाचणाऱ्याला तुमचा विचार कुठपर्यंत आला आहे ते कळते, त्यामुळे तो तिथून पुढे बोलू शकतो. आधी गृहपाठ, मग प्रश्न, हा नियम कठोर वाटला तरी तो दोघांच्याही वेळेचा मान राखतो.

रानवारा

@निर्विवाद, तीन गोष्टींचा आराखडा उत्तम आहे आणि मी तो वापरणार आहे. पण "आधी गृहपाठ" ही अट नव्या माणसासाठी फार उंच उंबरठा ठरते. कोणत्या शब्दाने शोध घ्यावा हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने गृहपाठ करायचा कसा? तो दिवसभर एकटाच चाचपडत राहतो आणि त्याला वाटते की आपण सर्वांचा वेळ वाचवत आहोत.

त्यापेक्षा स्वतः प्रयत्न करण्याला मुदत घालावी. अर्धा तास झगडून पाहावे, आणि तरी सुटले नाही तर विचारणे हेच आपले काम आहे असे समजावे. ज्याने उत्तर दिले, त्याने ते पुढच्या माणसाला सापडेल अशा जागी लिहून ठेवावे. तोच प्रश्न वर्षभरात पाच जण विचारत असतील, तर पाचही जणांना आळशी ठरवण्यापूर्वी आपली कागदपत्रे तपासावीत.

फळाखडू

वाचत होते, पण शुश्रूषा यांच्या प्रतिसादातल्या "समोरची क्षणभर थांबते" या शब्दांनी मला लिहिते केले. मी शिक्षिका आहे आणि त्या क्षणावर आमच्या क्षेत्रात चांगला अभ्यास झालेला आहे. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधले ध्वनिमुद्रण तपासून असे दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ते दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, उत्तरांमागची कारणे येऊ लागली आणि एरवी गप्प असणारी मुले बोलू लागली. मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे, की मुलांनी स्वतःहून विचारलेल्या प्रश्नांची संख्याही वाढली.

तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण वर्गात सर्वांच्या नजरा आपल्यावर खिळलेल्या असताना ते निभावून नेणे फार कठीण जाते. मी मनात एक वाक्य सावकाश म्हणते आणि ते संपेपर्यंत तोंड उघडत नाही.

हीच गोष्ट कार्यालयीन बैठकींना लागू पडते. बैठकीच्या शेवटी फाइल मिटता मिटता "कोणाला काही विचारायचे आहे का?" असे म्हटले जाते, आणि मिटणारी फाइल पाहून लोकांना काय समजायचे ते समजते. प्रश्न खरोखर हवे असतील तर फाइल उघडी ठेवावी, "यातला कोणता भाग अजून धूसर वाटतो?" असे विचारावे आणि शांतता सहन करावी. काही तरी धूसर असणारच हे या वाक्यात गृहीत धरलेले आहे, त्यामुळे बोलणाऱ्याला संकोच वाटत नाही.

ताळेबंद

फळाखडू यांनी वाक्याच्या घडणीचा विषय काढला म्हणून लिहितो. लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय, म्हणजे प्रश्न विचारणे हेच माझे काम. या व्यवसायात पडल्यावर पहिली गोष्ट शिकलो ती ही, की ज्या प्रश्नात उत्तर दडलेले आहे तो विचारू नये. "प्रत्येक बिल भागवण्यापूर्वी तुम्ही माल मिळाल्याची नोंद तपासता ना?" याला होकाराखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी मी म्हणतो, "मागच्या आठवड्यात भागवलेले एखादे बिल काढा आणि ते इथपर्यंत कसे आले ते मला दाखवा." मग समोरची व्यक्ती कागद चाळू लागते, एका ठिकाणी अडखळते आणि सांगते, "इथे खरे तर सही हवी, पण साहेब बाहेरगावी असले की आम्ही फोनवर विचारतो." त्या एका वाक्यातून जे कळते ते छापील प्रश्नावलीच्या दहा पानांतून कळत नाही. नियम काय आहे यापेक्षा शेवटच्या वेळी नेमके काय घडले हे विचारावे, कारण नियम पाठ असतो आणि घडलेली गोष्ट आठवावी लागते.

प्रश्नाची घडण उत्तराला किती वळवते, यावर एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेगाचा अंदाज विचारला गेला. प्रश्नात फक्त क्रियापद बदलले होते. मोटारी एकमेकींवर "आदळून चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचे क्रियापद ज्यांना मिळाले त्यांचा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल होता, आणि "एकमेकींना लागल्या" अशा अर्थाचे सौम्य क्रियापद ज्यांना मिळाले त्यांचा सुमारे ३२ मैल. आपण प्रश्न विचारतो तेव्हा माहिती काढून घेत आहोत असे आपल्याला वाटते. त्याच वेळी आपण समोरच्याच्या मनात काही भरतही असतो. म्हणून चौकस माणसाने आधी स्वतःच्या प्रश्नाकडे चौकसपणे पाहावे, असे मला आग्रहाने वाटते.

उड्डाण

ताळेबंद यांच्याशी पूर्ण सहमत, पण मला या चर्चेत एक दुसरी बाजू आणायची आहे. काही प्रसंगी प्रश्न हे साधनच अपुरे पडते.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ जण मरण पावले. उड्डाणासाठी वेग घेणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमधले संभाषण ध्वनिमुद्रित झालेले आहे. दुसरे विमान अजून धावपट्टीवरच असावे अशी शंका फ्लाइट इंजिनिअरला आली होती. ते धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का, असे त्याने विचारले. कॅप्टनने "काय म्हणालात?" असे विचारल्यावर त्याने तोच प्रश्न पुन्हा केला. कॅप्टनने ठामपणे ते बाजूला झाल्याचे सांगितले आणि उड्डाण चालू राहिले. कॅप्टनच्या मोठ्या अनुभवामुळे आणि नावलौकिकामुळे सहकाऱ्यांनी पुढे हरकत घेतली नसावी, असे चौकशी अहवालात म्हटले आहे.

म्हणजे प्रश्न विचारला गेला होता, तोही दोनदा, आणि तो अचूक होता. पण तो अशा मृदू रूपात होता की एका ठाम उत्तराने मिटला. यानंतरच्या काळात वैमानिकांच्या प्रशिक्षणाची दिशा बदलली. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून कॉकपिटमधील संवाद आणि समन्वय हा शिकवण्याचा स्वतंत्र विषय होत गेला. आता कनिष्ठाला हे शिकवले जाते की प्रश्नाने काम झाले नाही तर चिंता स्पष्ट विधानात सांगावी आणि उपायही सुचवावा: "धावपट्टी मोकळी आहे याची मला खात्री नाही, आपण थांबून नियंत्रण कक्षाला विचारूया." आणि कॅप्टनला हे शिकवले जाते की सहकाऱ्याचा प्रश्न ही एक सूचना असू शकते, म्हणून त्याला स्वतःच्या खात्रीने उत्तर देण्याऐवजी पडताळून उत्तर द्यावे. प्रश्न विचारण्याचे धैर्य यावर आपण पुष्कळ बोलतो, पण प्रश्न ऐकण्याचे कसब त्याहून दुर्मीळ आहे.

यंत्रमित्र

उड्डाण, आपला प्रतिसाद पुन्हा वाचला. याच्याशी जोडून चॅलेंजर यानाची आठवण होते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या रात्री, बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत थंडीत रबरी कड्या नीट काम करणार नाहीत म्हणून उड्डाण लांबवण्याची शिफारस केली होती. एरवी "हे सुरक्षित आहे हे सिद्ध करा" असे विचारले जायचे. त्या रात्री अभियंत्यांवर "हे असुरक्षित आहे हे सिद्ध करा" अशी वेळ आली. त्यांच्याकडे शंका होती, आकडेवारी अपुरी होती, आणि पुराव्याचे ओझे त्यांच्या खांद्यावर टाकलेले होते. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. कोणता प्रश्न टेबलावर आहे हे ठरवणाऱ्याच्या हाती निर्णयही असतो. बैठकीत मी आता सर्वात आधी हे पाहतो की सिद्ध करण्याची जबाबदारी नकळत कोणाकडे सरकली आहे.

मध्यमा

चर्चा कामाच्या अंगाने छान रंगली आहे, पण अन्वेषाताईंनी स्वतःच्या वाढीचाही प्रश्न विचारला होता, त्याकडे वळते.

दुसऱ्याला प्रश्न विचारण्यापेक्षा स्वतःला विचारणे मला अवघड वाटते, कारण तिथे विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही संगनमताने चालतात. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी वस्तुस्थिती, निरीक्षण किंवा विचार आढळला की तो लगेच टिपून ठेवत असे, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात हे त्याने अनुभवले होते. ही सवय मी उचलली आहे. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर फक्त अशाच नोंदी असतात. एखाद्या व्यक्तीविषयी किंवा विषयाविषयी माझे पक्के मत असेल आणि त्याला छेद देणारे काही दिसले, तर ते तिथे जाते. पुढे कधी ते मत व्यक्त करण्याची वेळ आली की आधी ती पाने उघडते. मते वारंवार बदलतात असे नाही, पण ती मांडताना माझा आवाज बदलतो.

दुसरी गोष्ट म्हणजे "मला हे समजले आहे" या भावनेवर विश्वास न ठेवणे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना झिप किंवा कुलूप यांसारख्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती समजते याला गुण द्यायला सांगितले, आणि मग ते टप्प्याटप्प्याने लिहून काढायला सांगितले. लिहिल्यानंतर लोकांनी स्वतःला दिलेले गुण घसरले. झिपच्या दोन बाजू एकमेकींत कशा अडकतात हे आत्ताच कागदावर मांडून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. कुतूहल निजते ते अज्ञानामुळे नव्हे, समजल्याच्या या भासामुळे निजते, आणि अन्वेषाताईंच्या जुन्या सहकाऱ्यांचे काही अंशी हेच होत असावे. त्यांना कोणी दाबलेले नाही, पण रोजच्या सरावाने सर्व काही ओळखीचे वाटू लागले आहे.

समिधा

मध्यमाताई, सुंदर प्रतिसाद. मला प्रश्नोपनिषदातला एक प्रसंग आठवला. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ते त्यांना एक वर्ष आपल्यापाशी राहायला सांगतात आणि म्हणतात की मग हवे ते विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सारे सांगू. "ठाऊक असेल तर" ही अट गुरू स्वतःहून घालतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

शेवटचा प्रश्न सुकेशा भारद्वाजाचा आहे आणि तो मुळात त्याचा नाहीच. कोसल देशाच्या राजपुत्राने त्याला सोळा कलांच्या पुरुषाविषयी विचारले होते. सुकेशाने "मला माहीत नाही, माहीत असते तर का सांगितले नसते?" असे उत्तर दिले, आणि राजपुत्र निमूटपणे रथात बसून निघून गेला. पण सुकेशाने तो प्रश्न तिथे सोडला नाही. तो स्वतःचा म्हणून जपला आणि पिप्पलादांपुढे ठेवला. ज्याचे उत्तर आपल्याला देता आले नाही, तो प्रश्न असा पुढे वाहून नेणे ही मला जिज्ञासेची सर्वात प्रामाणिक खूण वाटते.

निर्विवाद

रानवारा यांचा अर्ध्या तासाच्या मुदतीचा आणि उत्तर लिहून ठेवण्याचा मुद्दा मला पटला. माझा नियम अनुभवी सहकाऱ्यांसाठी ठीक आहे, नव्यांसाठी मुदत हवी.

आता एक वेगळी शंका. कुतूहलाचे एक रूप माणसाला भरकटवतेही. एका विषयावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, आणि संध्याकाळी हाती काहीच नाही. त्याचीही आपण भलामणच करायची का?

उड्डाण

@निर्विवाद, मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांनी हा भेद फार पूर्वी केलेला आहे. कंटाळा घालवण्यासाठी काही तरी नवे शोधणारे कुतूहल वेगळे आणि एका विशिष्ट गोष्टीचे उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसू न देणारे वेगळे. दोन्ही नैसर्गिक आहेत, पण दुसऱ्याला हत्यारे लागतात.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचे उदाहरण घ्या. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने ते थक्क झाले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅली यांचे स्पष्टीकरण त्या काळी मान्य होते. बहुतेक प्रवासी एवढ्यावर समाधानी झाले असते. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. त्यातून त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश रोखून पाहिले, तरी निळा रंग उरलाच, किंबहुना अधिक खुलला. म्हणजे रंग पाण्याच्या स्वतःच्या प्रकाश विखुरण्यातून येत होता. या प्रश्नाच्या मागोमाग चाललेल्या कामातून २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० चे नोबेल मिळाले. "हे कसे तपासता येईल?" हा दुसरा प्रश्न पहिल्याला जोडला की कुतूहल भरकटत नाही, असे मला वाटते.

अन्वेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके नेमके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. वाचता वाचता माझे मत एका बाबतीत सरकले आहे. नव्या लोकांनी गप्प होऊ नये यासाठी त्यांना प्रोत्साहन कसे द्यावे, या अंगाने मी विचार करत होते. आता वाटते की लक्ष ऐकणाऱ्यांकडे, म्हणजे माझ्यासारख्या जुन्यांकडे वळवायला हवे. त्याच वेळी मध्यमा यांचे म्हणणेही खरे आहे, की काहींना कोणी दाबलेले नसते, त्यांना सर्व ओळखीचे वाटू लागलेले असते. त्या दोन दुखण्यांवर एकच औषध चालणार नाही.

पुढच्या महिन्यापासून बैठकीच्या टिपणात "अनुत्तरित प्रश्न" असा एक भाग ठेवण्याचा विचार आहे. जे प्रश्न तिथे सुटले नाहीत ते त्यात जातील. शिवाय ज्यांना रुजू होऊन वर्ष झाले आहे अशा प्रत्येकाने आपल्या कामातली एक पायरी, ती का आहे यासह, नव्या माणसाला लिहून समजवायची असे ठरवत आहे, म्हणजे समजल्याचा भास कुठे आहे ते दिसेल. यात मला एकच धास्ती वाटते. अनुत्तरितांची यादी वाढत गेली तर लोक ती वाचणे सोडतील. यावर कोणाकडे उपाय आहे का?

ताळेबंद

आहे, आणि तो आमच्याकडे चालतो. प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहा: विचारला कोणी, शोधणार कोण, आणि कोणत्या बैठकीत परत यायचा. शोधणारा शक्यतो विचारणारा नसावा. नाही तर प्रश्न विचारला की काम गळ्यात पडते हे लोकांना कळते आणि यादी आपोआप रिकामी होते. ठरलेल्या बैठकीत उत्तर आले नाही तर तो प्रश्न एकदाच पुढे ढकलावा. दुसऱ्यांदा ढकलायची वेळ आली तर सर्वांसमोर ठरवावे की याचे उत्तर आपल्याला खरोखर हवे आहे का. नको असेल तर तसे कारणासह लिहून प्रश्न बंद करावा, पण पुसू नये. वर्षभराने नवा माणूस तोच प्रश्न घेऊन येतो, तेव्हा तो विषय आपण का सोडला होता हे त्याला वाचायला मिळते, आणि बरेचदा ते कारण एव्हाना उरलेले नसते.

शुश्रूषा

ताळेबंद, शोधणारा आणि विचारणारा वेगळे ठेवण्याची कल्पना मी उद्याच आमच्या सिस्टर इन्चार्जांना सांगते. अन्वेषाताई, एक छोटी भर. यादीतला पहिला प्रश्न तुमच्या वरिष्ठांना टाकायला सांगा, आणि तो असा असू द्या की ज्याचे उत्तर त्यांना स्वतःला माहीत नाही.